लॅबसाठी सर्व्हर: विकत घेऊन डेटा सेंटरमध्ये ठेवायचा, की व्हर्च्युअल मशीन भाड्यानं घ्यायचं?

संशोधनात कॉम्प्युटिंगचा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. आधी सिम्युलेशन लॅपटॉपवर रात्रभर चालतं, मग दोन दिवस, मग आठवडाभर. अशात एखादं प्रपोजल लिहायची वेळ येते आणि गाईड म्हणतात, "सर्व्हर मागायचा की क्लाउड? जरा बघून सांग." हे बघून सांगण्याचं काम हमखास लॅबमधल्या सगळ्यात नव्या विद्यार्थ्याकडे येतं.

एक सीनियर सांगतो, क्लाउडच घे, आता सर्व्हर कोण विकत घेतं? दुसरा सांगतो, स्वतःचं मशीन असलं की कुणाची मिनतवारी नको. दोघंही आपापल्या कामापुरते बरोबर असतात. तुमच्या कामासाठी काय बरोबर ते ठरवायला थोडं गणित आणि थोडी चौकशी लागते. पैसा ग्रँटचा जातो हे खरं, पण वेळ तुमच्या पीएचडीचा जातो. म्हणून हे गणित तुम्हाला स्वतःला करता यायला हवं.

आधी शब्द नीट समजून घेऊ

'को-लोकेशन' म्हणजे सर्व्हर तुमचा, जागा दुसऱ्याची. तुम्ही मशीन विकत घेता आणि डेटा सेंटरच्या रॅकमध्ये नेऊन बसवता. वीज, एसी, इंटरनेट आणि सुरक्षा त्यांची. त्याचं महिन्याचं भाडं तुम्ही देता. रॅकमधली जागा 'यू' या मापात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच उंची. नेहमीचा उभा रॅक ४२ यूचा असतो आणि साधा सर्व्हर १ किंवा २ यू जागा घेतो.

'व्हर्च्युअल मशीन' म्हणजे एका खऱ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरनं पाडलेले भाग. हे भाग पाडणाऱ्या प्रोग्रॅमला हायपरव्हायजर म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्येच आपल्या मोठ्या मशीनसाठी व्हीएम/३७० आणलं होतं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरचे असे भाग नीट पाडता येतात याच्या अटी मांडल्या. आपल्या रोजच्या इंटेल प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय २००५ मध्ये आली, आणि २००७ मध्ये केव्हीएम लिनक्स कर्नलचा भाग झालं. आजच्या क्लाउडचा पाया हा आहे.

इथे नेहमी एक गोंधळ होतो. 'को-लोकेशन' हे मशीन कुठे आहे आणि मालक कोण याबद्दल सांगतं. 'व्हर्च्युअल' हे मशीन कसं वाटलंय याबद्दल सांगतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःचा सर्व्हर डेटा सेंटरमध्ये ठेवून त्यावर केव्हीएम टाकून लॅबमधल्या पाच जणांना पाच व्हर्च्युअल मशीन देता येतात, आणि बऱ्याच लॅब तसं करतातही. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: मशीन विकत घ्यायचं की तासावर भाड्यानं?

मग लॅबमधल्या टेबलाखाली का नको?

तिसरा पर्याय स्वस्त वाटतो: सर्व्हर घ्या आणि लॅबमध्येच ठेवा. मी हिंजवडीत राहते, त्यामुळे याचं उत्तर इथल्याच अनुभवावरून देता येतं. पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. पण जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात महापारेषणच्या २२० केव्ही भूमिगत वाहिनीत बिघाड झाला आणि राज्यातल्या सगळ्यात मोठ्या आयटी पार्कपैकी एक असलेल्या हिंजवडीचा वीजपुरवठा विस्कळीत झाला. लॅबमधला छोटा यूपीएस मशीन नीट बंद करण्याइतका वेळ देतो, दिवस काढून देत नाही.

डेटा सेंटरचं भाडं असतं ते मुख्यतः यासाठी: दोन बाजूंनी वीज, मोठे यूपीएस, डिझेल जनरेटर आणि एक बंद पडला तरी भागेल एवढे जास्तीचे एसी. या तयारीच्या 'टियर' नावाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. टियर ३ म्हणजे वर्षात ९९.९८२ टक्के वेळ सुविधा सुरू. वर्षाचे ८,७६० तास धरले तर बंद राहण्याची मुभा साधारण १.६ तास. टियर २ ला हीच मुभा सुमारे २२ तास आहे. कोटेशन मागवताना हा आकडा विचारा, आणि प्रमाणपत्र आहे की नुसतं 'टियर ३ सारखं' आहे, तेही विचारा.

व्हर्च्युअल मशीनसुद्धा हवेत नसतं, तेही अशाच एखाद्या इमारतीत असतं. मायक्रोसॉफ्ट ॲझ्युरचं 'सेंट्रल इंडिया' रीजन २०१५ पासून पुण्यातच आहे. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ मध्ये आणि गूगलचं २०१७ मध्ये सुरू झालं. म्हणजे पुण्यातल्या विद्यार्थ्यासाठी दोन्ही पर्याय फार तर मुंबईइतके लांब आहेत. फरक अंतराचा नाही, तासांचा आहे.

तासांचं गणित

खालचे दर मी फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुम्ही तुमच्या कोटेशनमधले आकडे टाका, रीत तीच राहील.

समजा सर्व्हर ६ लाखांना मिळतो आणि ४ वर्षं चालतो. को-लोकेशनचं भाडं महिन्याला ८,००० रुपये, म्हणजे ४८ महिन्यांचे ३,८४,००० रुपये. सुट्या डिस्क वगैरेंसाठी ३६,००० रुपये ठेवू. एकूण झाले १०,२०,००० रुपये. तेवढ्याच ताकदीचं व्हर्च्युअल मशीन तासाला ४० रुपयांनी मिळतं असं धरू.

१०,२०,००० भागिले ४० म्हणजे २५,५०० तास. चार वर्षांत एकूण तास असतात ३५,०४०. म्हणजे मशीन सुमारे ७३ टक्के वेळ खरोखर कामात असेल तरच विकत घेणं परवडतं. त्याखाली भाड्याचं स्वस्त.

आता 'खरोखर कामात' हे शब्द महत्त्वाचे. एकट्या विद्यार्थ्याचं काम लाटांसारखं असतं. तीन आठवडे सिम्युलेशन धडाधड चालतं, मग पाच-सहा आठवडे आलेख काढणं, पेपर लिहिणं, गाईडच्या सुधारणा, पुन्हा लिहिणं. असं मशीन फार तर ३५ टक्के वेळ चालतं. भाड्यानं त्याचे ४ वर्षांत सुमारे ४ लाख ९० हजार होतात, म्हणजे विकत घेण्याच्या निम्म्याहून कमी. उलट पाच विद्यार्थ्यांची लॅब असेल, एकाचा जॉब संपला की रांगेत दुसऱ्याचा उभा असेल, तर वापर ९० टक्क्यांवर जातो आणि भाडं १२ लाख ६० हजारांच्या पुढे. तिथे सर्व्हर घेणंच शहाणपणाचं.

या हिशेबात एक खर्च अजून धरलेला नाही: तुमचा वेळ. स्वतःचा सर्व्हर असला की डिस्क बदलणं, फर्मवेअर अपडेट, वॉरंटीचे फोन, गेटपास हे सगळं कुणीतरी करावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. व्हर्च्युअल मशीनलाही युजर अकाउंट आणि अपडेट असतातच, म्हणून फक्त फरक मोजू. तो आठवड्याला २ तास धरला तर ४ वर्षांत साधारण ४१६ तास, म्हणजे आठ तासांचे ५२ दिवस. सुट्ट्या सोडून हे निदान दोन महिने झाले. एसआरएफची फेलोशिप महिन्याला ४२,००० रुपये आहे. त्या दरानं ८४,००० रुपये जोडले तर रेषा ७३ वरून ७९ टक्क्यांवर सरकते. आणि पीएचडीच्या शेवटच्या वर्षातल्या दोन महिन्यांची किंमत फेलोशिपच्या आकड्यात मावत नाही.

भाड्याच्या बाजूलाही दोन खाचखळगे आहेत. पहिला, मशीन 'बंद' करणं म्हणजे नक्की काय ते समजून घ्या. ॲझ्युरवर लिनक्सच्या आतून शटडाउन केलं तरी ते मशीन तुमच्या नावावरच राहतं आणि तासांचे पैसे चालू राहतात. पोर्टलवरून ते 'डीॲलोकेट' करावं लागतं. त्यानंतरही डिस्कचं भाडं पडत राहतं. दुसरा, बजेटची मर्यादा आणि अलर्ट पहिल्या दिवशी लावा. अलर्ट फक्त कळवतो, तो मशीन आपोआप थांबवत नाही, हेही लक्षात ठेवा.

ग्रँटचा हेड कोणता?

कित्येकदा निर्णय गणितावर होतच नाही, हेडवर होतो. सर्व्हर 'नॉन-रिकरिंग' म्हणजे उपकरणांच्या रकमेतून घेतला जातो. को-लोकेशनचं भाडं आणि क्लाउडचं बिल 'रिकरिंग' रकमेतून जातं. प्रपोजलमध्ये उपकरणांसाठी १० लाख आणि कन्झ्युमेबल्ससाठी १ लाख मागितले असतील, तर क्लाउड कितीही स्वस्त पडला तरी बिल भरायला हेडच उरत नाही. म्हणून हा विचार ग्रँट मिळाल्यावर करून उपयोग नाही, प्रपोजल लिहितानाच करायला हवा.

उलट बाजूही पाहा. प्रोजेक्ट तीन वर्षांनी संपतो आणि रिकरिंग पैसा थांबतो. तुमची पीएचडी मात्र अजून चालू असते. विकत घेतलेला सर्व्हर संस्थेच्या नावावर राहतो आणि निदान लॅबमध्ये आणून तरी वापरता येतो. भाड्याचं मशीन बिल थांबलं की जातं. शेवटच्या वर्षात रेफरीनं "अजून दोन रन करा" म्हटलं तर ते कशावर करणार, याचं उत्तर आत्ताच लिहून ठेवा.

आणि फक्त आपल्या कंटिंजन्सीवर भागवायचं असेल तर? सीएसआयआरच्या फेलोला कंटिंजन्सी वर्षाला २०,००० रुपये मिळते. वरच्या ४० रुपयांच्या दरानं ते झाले ५०० तास, म्हणजे जेमतेम २१ दिवस. पूर्ण प्रबंध यावर होत नाही, पण एखादा पेपर वेळेत पूर्ण करायला हे २१ दिवस पुरतात.

डेटा कुठे तयार होतो?

पैशांचं गणित बरोबर येऊनही निर्णय चुकू शकतो, कारण डेटा हलवायला वेळ लागतो. पुण्याजवळचंच उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरनं मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तिथे सगळे सिग्नल एकमेकांशी जुळवले जातात.

किती डेटा होतो? २०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा नोंदवायचा तर नायक्विस्टच्या नियमानं सेकंदाला ४० कोटी नमुने घ्यावे लागतात. दोन पोलरायझेशन, ३० अँटेना, आणि नमुना ८ बिटचा धरला तर सेकंदाला १९२ गिगाबिट. हा प्रवाह कुणाच्याही क्लाउडवर पाठवून 'मग बघू' म्हणता येत नाही. म्हणून तिथे एफपीजीए बोर्ड आणि जीपीयू लावलेले खरे सर्व्हर दुर्बिणीशेजारीच आहेत आणि ते काम त्याच क्षणी करतात. निरीक्षण संपल्यावर संशोधकाच्या हाती येणाऱ्या फाइल्स त्या मानानं खूपच लहान असतात. त्यांचं पुढचं विश्लेषण मात्र व्हर्च्युअल मशीनवरही चालतं.

तुमचा डेटा एवढा नसेल, पण हिशेब तोच. १० टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायला, लाइन पूर्ण वेळ पूर्ण वेगानं मिळाली तरी, ९ दिवसांहून जास्त लागतात. १ जीबीपीएसवर सुमारे २२ तास. तुमची संस्था राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला, म्हणजे एनकेएनला, जोडलेली आहे का आणि तुमच्या इमारतीपर्यंत खरा वेग किती येतो, ते कॉम्प्युटर सेंटरला विचारा.

क्लाउडमध्ये डेटा आत टाकणं सहसा फुकट असतं, बाहेर काढायला मात्र प्रति जीबी पैसे पडतात. दर ९ रुपये धरला तर २ टेराबाइट काढायला १८,००० रुपये. वर्षाची कंटिंजन्सी जवळपास एका डाउनलोडमध्ये संपली! म्हणून कच्चा डेटा वर ठेवलात तर विश्लेषणही तिथेच करा आणि फक्त निकाल खाली आणा.

तुम्ही वेळ मोजताय का?

तुमच्या संशोधनात 'आमचा अल्गोरिदम इतक्या पट वेगवान' असं विधान असेल तर हा भाग नीट वाचा. क्लाउडवर '१६ व्हीसीपीयू' लिहिलेलं असतं, तेव्हा इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर त्याचा अर्थ बहुतेक वेळा १६ हायपरथ्रेड, म्हणजे ८ खरे कोअर असा होतो. कोटेशनची तुलना करताना १६ कोअरच्या सर्व्हरसमोर १६ व्हीसीपीयू ठेवू नका.

दुसरं, त्याच खऱ्या सर्व्हरवर शेजारी कोण आहे ते तुम्हाला दिसत नाही. शेजाऱ्यानं डिस्क किंवा कॅशवर ताण दिला की तुमचा रन लांबतो. लिनक्समध्ये 'टॉप' कमांड चालवली की 'एसटी' नावाचा आकडा दिसतो. तुमचं मशीन प्रोसेसर मागत होतं पण हायपरव्हायजरनं तो दुसऱ्याला दिला, असा वेळ त्यात टक्क्यांत मोजलेला असतो. पण कॅश आणि मेमरीवरची ओढाताण या आकड्यात दिसत नाही. म्हणून वेळेच्या मोजमापासाठी खरा सर्व्हर किंवा पूर्ण मशीन भाड्यानं देणारी 'बेअर मेटल' सेवा घ्या, आणि रन अनेकदा करून मध्यक व पसारा दोन्ही द्या.

फक्त उत्तर हवं असेल, लागलेला वेळ नाही, तर व्हर्च्युअल मशीनला काहीच हरकत नाही. उलट एक फायदाच आहे. सगळं सॉफ्टवेअर बसवलेल्या मशीनची इमेज जपून ठेवता येते आणि दोन वर्षांनी रेफरीनं विचारलं तर तेच वातावरण पुन्हा उभं करता येतं.

रात्री दोनला डिस्क गेली तर?

हार्ड डिस्क वर्षाला साधारण १ ते २ टक्के दरानं बिघडतात. दीड टक्का धरून ८ डिस्कच्या सर्व्हरचा ३ वर्षांचा हिशेब करा: एक तरी डिस्क जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. म्हणजे ही घटना विरळ नाही. रेड लावलेलं असेल तर डेटा तेवढ्यानं जात नाही, पण नवी डिस्क घेऊन कुणीतरी जावं लागतं. संध्याकाळी सहाला वाकडवरून हिंजवडीत शिरून पाहा, म्हणजे 'कुणीतरी जावं लागतं' याचा अर्थ कळेल! डेटा सेंटरचे लोक पैसे घेऊन हे करून देतात, त्याला 'रिमोट हँड्स' म्हणतात. करार करताना त्याचा दर, रात्रीचा दर आणि सुटे भाग तिथे ठेवता येतात का, हे विचारा. सर्व्हर घेताना आयपीएमआय किंवा तशी सोय असलेलाच घ्या, म्हणजे मशीन अडकलं तर घरून रीस्टार्ट करता येतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्कची काळजी कंपनीची. पण तुमच्या डेटाची काळजी तुमचीच, आणि हे दोन्ही पर्यायांना सारखंच लागू आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक अख्खी इमारत जळाली. ज्यांचा बॅकअप त्याच परिसरात होता, त्यांच्यातल्या अनेकांकडे काही उरलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्याच प्रोग्रॅममधल्या दोषानं सुमारे ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. काही संशोधन गटांना तो परत मिळाला नाही. कोड गिटमध्ये, कच्चा डेटा दोन वेगळ्या ठिकाणी, आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधून फाइल खरोखर उघडून पाहणं, एवढं करा. रुग्णांची माहिती असेल तर ती कुठे ठेवणार हे एथिक्स कमिटीच्या मंजुरीशी जुळतं ना, तेही आधी पाहा.

पैसे खर्च करण्याआधी

पुण्यात संशोधन करणाऱ्यांचं एक नशीब म्हणजे शेजारीच मोठी यंत्रं आहेत. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधलं परम ब्रह्म पाषाणला आयसर पुण्यात आहे, आणि परम सिद्धी-एआय सी-डॅककडे. आपल्याला प्रवेश मिळतो का, कोणत्या अटींवर, हे गाईडमार्फत विचारा. तिथे रांग असते, पण समांतर चालणाऱ्या मोठ्या कामासाठी त्याच्या जवळपास जाणारं मशीन एका लॅबला घेता येत नाही. मात्र सतत चालू राहणारी वेबसाइट किंवा डेटाबेस अशा ठिकाणी ठेवता येत नाही. त्यासाठी छोटं व्हर्च्युअल मशीनच योग्य.

आता गाईडना काय सांगायचं? आधी दोन आठवडे मोजा. आत्ता जे मशीन आहे त्यावर किती तास काम चाललं, मेमरी किती लागली, डेटा किती वाढला, हे रोज एका शीटमध्ये लिहा. लॅबमधल्या प्रत्येकाला लिहायला सांगा. मग एका पानावर एवढं मांडा:

१. वर्षातले खरे कामाचे तास, आणि त्यावरून निघणारी टक्केवारी.
२. दोन्ही पर्यायांचा ४ वर्षांचा खर्च, जीएसटी दोन्हीकडे धरून.
३. कोणत्या हेडमधून किती, आणि ग्रँट संपल्यावर काय.
४. डेटा कुठे तयार होतो, तो हलवायला किती तास आणि किती रुपये.
५. वेळेचं मोजमाप हा निकालाचा भाग आहे का.
६. बिघाड झाला तर जाणार कोण. इथे नाव लिहा, 'लॅब मेंबर्स' असं लिहू नका.

सहाव्या मुद्द्यापुढे एकट्या तुमचंच नाव येत असेल आणि वापर रेषेच्या आसपास असेल, तर माझा सल्ला भाड्याच्या बाजूनं आहे. वापर रेषेच्या बराच वर असेल तर सर्व्हर घ्या, पण सोबत दुसऱ्या एकाला तो सांभाळायला शिकवा. तुमची पीएचडी संपेल तेव्हा सर्व्हर तिथेच असणार आहे.

पुढच्या लेखात चेकपॉइंटिंग पाहू: मध्येच थांबलेलं सिम्युलेशन पहिल्यापासून न चालवता पुढे कसं न्यायचं. ते जमलं की क्लाउडवरची स्वस्त, पण केव्हाही काढून घेतली जाणारी 'स्पॉट' मशीनही वापरता येतात, आणि वरचं सगळं गणित पुन्हा बदलतं.